खाली जर्दाळूचा जाम, उकळून

"खाली काय घालायचं?" पुट्टीताईनं विचारलं.

काउंटरपलीकडची बाई गोंधळली. "खाली म्हणजे? पुठ्ठा ना?"

"पुठ्ठा तर असतोच हो. फॉन्डंटच्या खाली काय, असं विचारतेय. वरचं पांढरं गुळगुळीत दिसतं ना, ती साखरेची चादर असते. नुसती केकवर टाकली तर बसत नाही, खाली लेप लागतो. बटरक्रीम, नाहीतर चॉकलेटचं गनाश. हल्ली सगळे गनाशच घेतात, कडा सुरेख येतात."

हा प्रश्न ती दिवसातून पाच-सहा वेळा विचारायची आणि आजवर एकाही गिऱ्हाइकाकडे त्याचं उत्तर तयार नव्हतं. लोक यायचे ते वरचे फोटो घेऊन: किल्ला, फुटबॉलचा बूट, गुलाबांची रास. खाली काय आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं, आणि पुट्टीताईचा सगळा जन्म तर त्या खालच्या लेपात गेला होता. रंगारी रंगाआधी भिंतीला पुट्टी भरतो तशी ही केकला भरते, म्हणून बेकरीतल्या कुणीतरी ते नाव ठेवलं आणि चिकटलं. तिनं आधी रागवून पाहिलं, मग हसून पाहिलं, शेवटी ओ द्यायला लागली.

या बाईनं मात्र पर्समधून चिठ्ठी काढली. "थांबा, आईनं लिहून दिलंय. तिला आता फारसं दिसत नाही, अक्षर वाकडंतिकडं आलंय."

पुट्टीताईनं चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. साधा केक, दोन थर. वर काही नको. फूल नको, नाव नको. खाली जर्दाळूचा जाम. आणि त्याच्यापुढे एकच शब्द, खाली दोन रेघा ओढून: उकळून.

तिनं तो शब्द परत वाचला.

"आई तुमची..."

"इथेच होती की कामाला! तुम्हाला नसेल ठाऊक, सोडून तेवीस वर्षं झाली. आक्का म्हणायचे तिला सगळे. रविवारी ऐंशी पूर्ण होतायत." बाई बोलकी होती. "आणि या जामचा आमच्याकडे विनोदच झालाय. आईनं म्हणे एका लग्नाच्या केकला जाम न उकळताच लावला आणि तो केक भर लग्नात फुटला! तेव्हापासून घरात दूध उतू गेलं, नळ उघडा राहिला, कुणी किल्ली विसरलं, की माझा भाऊ म्हणणारच, 'आई, जाम उकळलास का?' आता तर नातवंडंसुद्धा म्हणतात. तिनं स्वतःच जामचा केक मागितल्यावर आमची हसून हसून पुरेवाट झाली."

पुट्टीताई हसली. हसायला हवं होतं म्हणून हसली. ऑर्डरच्या वहीत सगळं नीट उतरवून घेतलं, फक्त शेवटचा शब्द लिहायला हात तयार होईना. पेन दोनदा झटकलं, तेव्हा कुठे तो लिहून झाला.

कारण तो जाम उकळायला आक्का विसरल्या नव्हत्या. उकळला नव्हता तो पुट्टीताईनं.

तेव्हा ती बावीस वर्षांची होती. खालच्या लेपाचं काम आक्कांचं, आणि ती त्यांच्या हाताखाली. त्या काळी फॉन्डंटखाली जामच लावायचे. डबा एकदा उघडला की त्यातला जाम घटकाभर खळखळून उकळायचा, गाळायचा आणि गरम असतानाच ब्रशनं केकला लावायचा. कच्चा लावला तर तो चादरीखाली आंबतो, आंबला की त्यात वायू धरतो आणि वायूला बाहेर पडायला वाट मिळत नाही. "झाकायच्या आधी काय करायचं ते करून घे," आक्का सांगायच्या. "मागाहून हात पोचत नाही."

त्या दिवशी बसथांब्यावर तिची कुणीतरी वाट पाहत होतं. पुढे तोच तिचा नवरा झाला, आणि त्याच्यासाठी एवढी घाई करण्यासारखं त्याच्यात काही नव्हतं हेही पुढेच कळलं. तिनं डब्यातला जाम तसाच पाण्यात कालवला, गाळला आणि लावून टाकला. आक्कांनी विचारलं, "उकळलास ना?" ती म्हणाली, "हो." वर चादर चढली आणि विषय संपला.

दोन दिवसांनी, ऐन उन्हाळ्यात, लग्नाच्या हॉलमध्ये केकचा मधला मजला फुगत गेला आणि नवरानवरी सुरी उचलत असताना कुशीत फुटला. पांढऱ्या फटीतून फेस आला. आंबट वास पहिल्या रांगेपर्यंत गेला आणि नवरीच्या आईनं किंकाळी फोडली. दुसऱ्या दिवशी थोरल्या मालकांनी दोघींना समोर उभं केलं. जाम कुणी उकळला होता? आक्कांनी काही न बोलता हिच्याकडे पाहिलं. आणि ही म्हणाली, "आक्कांनी."

एकच शब्द. आक्कांनी ॲप्रन सोडला, त्याची चार पदरी घडी घातली, टेबलावर ठेवली आणि त्या निघून गेल्या. त्यांचं टेबल, त्यांच्या पट्ट्या, त्यांचे ब्रश सगळं हिला मिळालं. पुढे गनाशचे दिवस आले, जाम मागे पडला, आणि तो मागे पडल्याचा आनंद बेकरीत एकट्या पुट्टीताईला झाला होता.

शनिवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. हा केक तिनं दुसऱ्या कुणाच्या हाती दिलाच नाही. आदल्या दिवशी भाजून थंड केलेला केक काढला, वरचं टेंगूळ कापून सपाट केला, जर्दाळूचा नवा डबा फोडला. नव्या डब्याला खरं तर गरज नसते, तरी तिनं जाम खळखळून उकळला. घड्याळ लावून दहा मिनिटं. मग गाळला, लावला. फॉन्डंट लाटला, दोन्ही हातांवर घेऊन केकवर सोडला, आणि प्लास्टिकच्या पाटीनं वरून, कडेनं, खालून असा फिरवत बसवला. कुठे सुरकुती नाही, कुठे बोटाचा ठसा नाही. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मागच्या थंड खोलीत झाकलेले केक रांगेनं ठेवतात. सगळे पांढरे, सगळे गप्प, पांघरूण ओढून झोपलेल्या माणसांसारखे. तासाभरानं ती बघायला गेली तेव्हा बाकीचे तसेच होते आणि या केकच्या कुशीला फुगवटा आला होता. अर्ध्या लिंबाएवढा.

यात घाबरण्यासारखं काही नसतं. केकमधली हवा कधीकधी निघायची राहते. टाचणी तिरकी टोचायची, बोटानं हवा काढायची, पाटी फिरवायची. तिनं टोचली. बारीक सुस्कारा आल्यासारखा आवाज झाला आणि त्याच्याबरोबर वास आला. आंबट, कोमट. दहा मिनिटं उकळलेल्या जामला असला वास येणं शक्यच नव्हतं.

तिनं पाटी फिरवली. सपाट झालं. ती दारापर्यंत गेली, मागे वळली, तर फुगवटा परत आला होता.

साखरेची फुलं करणारी पोरगी तेवढ्यात ट्रे न्यायला आत आली. "काय बघताय ताई?"

"हे बघ ना, इथे फुगलंय."

फुलवालीनं वाकून पाहिलं, बोट फिरवलं. "कुठे काय? आरशासारखा झालाय. तुम्ही ना, उगाच खुसपट काढत बसता."

तिचं बोट त्या फुगवट्यावरूनच गेलं होतं. पुट्टीताईनं ते डोळ्यांनी पाहिलं. बोटाखाली तो दबला आणि बोट सरकल्यावर परत वर आला. आणि मग तिला दिसलं की तो नुसता आलेला नाही. तो हळूच वर येत होता, थोडा थांबत होता आणि खाली जात होता. परत वर येत होता. तिनं केकला कान लावला.

"काय ताई, नाडी बघताय का पेशंटची?" धाकटे मालक दारात उभे होते. "आता केक सोडून औषधं लिहून द्या."

"जरा मापं बघत होते," ती म्हणाली. कानानं मापं बघतात हे त्यांना कसं पटलं कोण जाणे, पण ते हसत निघून गेले.

तिनं तो केक बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. या वेळी जाम पंधरा मिनिटं उकळला, पार चिकट होऊन पळीला लोंबायला लागेपर्यंत. पाटी उकळत्या पाण्यातून काढली, हात कोपरापर्यंत धुतले. तासाभरानं फुगवटा आला. त्याच कुशीला, त्याच उंचीवर. लग्नाचा केक जिथे फुटला होता तिथे. ती पिठाच्या पिंपावर बसली आणि तिला पहिल्यांदा स्वच्छ वाटलं की आपण फार मोठं पाप केलंय आणि ते कुठेही गेलेलं नाही.

मग तिच्या मनात आलं: गनाश. जाम खरवडून टाकावा आणि गनाश लावावं. चादर चढल्यावर बाहेरून काही कळत नाही. म्हातारीला दिसत नाही, आणि जर्दाळूची चव गेली तर घरची माणसं म्हणतील की आताच्या जामला चवच राहिलेली नाही. तिनं तसं केलंही. खरवडलं, गनाश लावलं, पट्टीनं कडा काटकोनात आणल्या, नवी चादर चढवली आणि थंड खोलीत स्टूल घेऊन समोर बसून राहिली. एक तास गेला, दीड गेला. काही आलं नाही. केक सुरेख, सपाट, मेल्यासारखा पडून होता.

तिला इतकं हायसं वाटलं की ती उठून उभी राहिली. आणि उभी राहिल्यावर त्या हायसं वाटण्याचीच तिला लाज वाटली. बसथांब्याकडे पळत सुटतानाही अगदी हेच वाटलं होतं. वरून झाकलंय, कोण बघतंय.

तिनं गनाशचा केक फुलवालीला देऊन टाकला. "याच्यावर काहीही कर, उद्या दुकानात ठेव." आणि तिसऱ्यांदा जामचं पातेलं चढवलं.

रविवारी दुपारी बेकरीच्या गाडीनं तिला त्या इमारतीपाशी सोडलं. तिसरा मजला, जिना चढून. खोक्याच्या तळाला दोन्ही हात लावून ती चढत होती आणि प्रत्येक पायरीवर तिला आतली हालचाल तळहातांना कळत होती. मध्येच तिला वाटलं, दारात ठेवावा, बेल वाजवावी आणि पळावं. वय पंचेचाळीस झालं होतं, पळणार तरी किती.

दार त्या बोलक्या बाईनंच उघडलं. "अगबाई, तुम्ही स्वतः आलात?"

खोलीत सात-आठ माणसं होती. बाईचा भाऊ, त्याची बायको, दोन-तीन नातवंडं. खिडकीपाशी खुर्चीत आक्का. एवढ्याशा झाल्या होत्या. डोळ्यांवर राखाडी पडदा, हात मात्र तेच, रुंद आणि सपाट बोटांचे.

"आई, केक आला!" मुलगा ओरडला. "विचार त्यांना, जाम उकळलाय का!"

सगळे हसले. अगदी मनापासून हसले, त्यात वाईट काही नव्हतं. सून हसता हसता खुर्च्या सरकवत होती. आक्काही थोड्या हसल्या. ते हसू पाहून पुट्टीताईला गलबलून आलं, कारण तिनं ते ओळखलं. पुट्टी म्हटल्यावर ती स्वतः तसंच हसायची.

केक टेबलावर ठेवला, टेबल खुर्चीपाशी सरकवलं. आक्कांनी हात पुढे केला आणि तळवा चादरीवरून फिरवला. वरून, मग कडेनं. कुशीला आल्यावर हात थांबला.

"इथे आहे," त्या म्हणाल्या.

"काय आहे?" मुलगा वाकला. "काही नाही गं आई. सपाट आहे."

"केक कोणी आणलाय?"

"बेकरीतल्या ताई आल्यात."

आक्कांनी मान वर केली. बघत होत्या त्या भलत्याच बाजूला, खिडकीच्या. "तुला दिसतो का गं?" त्यांनी विचारलं.

"दिसतो, आक्का," पुट्टीताई म्हणाली.

आवाज ओळखला गेला हे तिला कळलं, कारण आक्कांचा हात केकवरून उचलला गेला आणि मांडीवर जाऊन पडला. त्या काही बोलल्या नाहीत. तेवीस वर्षांपूर्वी मालकांसमोरही बोलल्या नव्हत्या. आताही त्या वाट बघत होत्या, आणि कशाची ते खोलीत फक्त दोघींना ठाऊक होतं.

पुट्टीताईचा ॲप्रन काढायचा राहून गेला होता, त्यालाच तिनं हात पुसले. "मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "तो लग्नाचा केक. त्याचा जाम आक्का नव्हत्या विसरल्या. तो मी उकळला नव्हता. त्यांनी विचारलं तेव्हा हो म्हणाले. आणि मालकांनी विचारलं तेव्हा आक्कांचं नाव घेतलं. त्यांनी काही केलं नव्हतं. सगळं मी केलं होतं."

मुलाच्या चेहऱ्यावरचं हसू जायला विसरलं. ते तसंच राहिलं, नुसतं तोंडावर.

"म्हणजे आजी नव्हती विसरली?" सर्वांत धाकट्या नातीनं विचारलं.

"आई," मुलगी म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"पातेलं घासायला मीच घेतलं होतं ना त्या दिवशी," आक्का म्हणाल्या. "कोरडं होतं. वापरलंच नव्हतं. पण तेव्हा चादर चढली होती आणि हिनं हो म्हटलं होतं. म्हटलं, असेल दुसऱ्या पातेल्यात केला."

"मग नंतर तरी आम्हाला सांगायचंस!"

"सांगणार होते," आक्का म्हणाल्या. "पण तुम्हाला विनोद आवडला होता."

मुलगा खाली बघायला लागला. एवढा मोठा, केस पांढरे झालेला माणूस, शाळेत उभा केल्यासारखा उभा होता. त्याची बायको त्याच्याजवळ सरकली आणि परत लांब झाली.

"मला माफ करा असं मी म्हणत नाही," पुट्टीताई म्हणाली. ती आता रडत होती.

"म्हणू नकोस. पहिली काही वर्षं मी वाट बघितली. बेल वाजली की वाटायचं, आली असेल. मग कँटीनमधलं काम धरलं, भाज्या चिरायचं. मग ते वाटणं गेलं." आक्कांनी परत हात पुढे केला, केकच्या कडेला लावला, बोट चाटून पाहावं तसं ओठाला लावलं. चादरीच्या बुडाशी जामचा एक थेंब आला होता. "जास्त आटवलास. चिकट झालाय. घटकाभर म्हणजे घटकाभर, किती वेळा सांगितलं होतं."

"चुकलं," पुट्टीताई म्हणाली.

"बघा, बघा!" नात टेबलावर कोपर टेकून ओरडली. "इथे फुगलंय! हलतंय!"

सगळे वाकले. या वेळी सगळ्यांना दिसलं. आक्कांच्या मुलीनं बोट लावलं आणि झटक्यानं मागे घेतलं. "कोमट आहे," ती हळूच म्हणाली. कुणी हसलं नाही. खोलीत इतकी शांतता झाली की तो बारीक आवाज ऐकू यायला लागला, येणारा आणि जाणारा.

"तिथून कापू नका," आक्का म्हणाल्या. "पलीकडून घ्या. तेवढी बाजू हिला द्या, खोक्यात घालून."

त्यांनी मुलाकडून सुरी मागून घेतली आणि आपल्याच हातानं पलीकडून कापला. हात जरासुद्धा हलला नाही. मग एकेक बशी पुढे जाऊ लागली. मुलानं आपली बशी आईसमोर धरली आणि पहिला घास तिला दिला. पुट्टीताईला कुणी बस म्हटलं नाही. तिला तशी अपेक्षाही नव्हती. मुलीनं उरलेला तुकडा खोक्यात घातला, झाकण लावलं, दारापर्यंत आणून दिला आणि क्षणभर थांबून म्हणाली, "सांभाळून न्या."

गाडी केव्हाच निघून गेली होती. पुट्टीताई बसनं निघाली. खिडकीची जागा मिळाली. खोकं मांडीवर, त्यावर दोन्ही हात. तिला हलकं वगैरे काही वाटत नव्हतं. तिला दमल्यासारखं वाटत होतं, आणि आक्का आपल्याला परत कधी बोलावणार नाहीत याचं वाईट वाटत होतं. खूप वाईट वाटत होतं.

शेजारी एक जाडगेला माणूस पिशवी सांभाळत बसला होता. दोन थांबे गेल्यावर तो तिच्या मांडीकडे पाहायला लागला.

"बाई," तो म्हणाला, "आत मांजरीचं पिल्लू आहे का हो?"

"नाही. केक आहे."

"झाकण हलतंय त्याचं."

"हो," ती म्हणाली. "तुम्हालाही दिसतंय ना?"

तो माणूस पिशवीसकट कडेला सरकला, आणि पुढचा थांबा आल्यावर उठून दाराशी जाऊन उभा राहिला. पुट्टीताईनं बाहेर पाहिलं. दुकानं, सायकली, रविवारची फिरायला निघालेली माणसं. झाकण वर आलं की तिचे हात वर येत होते, खाली गेलं की खाली जात होते. तिनं ते दाबलं मात्र नाही.